रक्तात न सापडलेले उत्तर

रुग्णालयाच्या तळमजल्यावरील प्रयोगशाळेत दादांनी चौतीस वर्षे रक्त तपासले. नळीवरचा क्रमांक दोनदा वाचल्याखेरीज त्यांनी कधी आकडा लिहिला नाही. शंका आली की डॉक्टरमंडळीही म्हणत, "दादांना विचारा." जे तपासणीत उमटत नाही ते नसतेच, ही त्यांची श्रद्धा बहुधा या सन्मानातूनच दृढ झाली असावी.

नात दीड वर्षाची झाली तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, ही नावाला वळून बघत नाही. बोट करून काही दाखवत नाही."

दादांनी स्वतः सुई घेतली. नातीने आकांत मांडला. मुलीने तिचा दंड घट्ट धरून ठेवला. अहवाल निर्दोष आला.

"बघ, कुठे काही नाही. तूही तीन वर्षांची होईस्तोवर मुकीच होतीस. आता गप्प बसतेस का?"

मुलगी हसली. पुढील दोन वर्षांत तिने चारदा विषय काढला. दादांनी आणखी दोनदा रक्त काढले, आणि एकदा तर "डोक्यातलं खूळ काढून टाक," असेही म्हणाले.

अखेर बालवाडीच्या बाईंनीच चिठ्ठी देऊन तिघांना बालविकासतज्ज्ञांकडे धाडले. दादांनी तिन्ही अहवाल टेबलावर क्रमाने मांडले. डॉक्टरीणबाईंनी ते आदराने वाचले.

"काम चोख आहे, दादा. पण स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, रक्तात दिसत नाही. तशा खुणांचा शोध चालू आहे. भरवशाचं अजून हाती काही नाही. आम्ही मुलांना खेळताना बघतो आणि आईला विचारतो." मग दादांच्या मुलीकडे वळून त्यांनी विचारले, "तुम्हाला पहिली शंका कधी आली?"

"दीड वर्षाची होती तेव्हा."

"मग इतका उशीर?"

मुलीने मान खाली घातली. "राहून गेलं."

आपल्या अपराधावर लेकीने असे पांघरूण घालावे, हे दादांना शिक्षेहून जड गेले. गप्प राहिले असते तर खपून गेले असते.

"राहून नाही गेलं," ते म्हणाले. "ती सांगत होती. मीच तिला वेड्यात काढलं."

डॉक्टरीणबाईंनी तेही कागदावर टिपले. मग विचारले, "घरी रोज तासभर हिच्याबरोबर जमिनीवर बसून खेळायला कोण आहे?"

दादांच्या ओठांवर 'मी' आले होते. पण तो शब्द उच्चारण्याचा अधिकार आपल्याला उरला आहे काय, हे त्यांना कळेना. अनुज्ञा मागावी तसे ते मुलीच्या मुखाकडे पाहत राहिले.