सोपानची काठी

सोपान गेल्याचं मला आमच्या जुन्या साहेबांकडून कळलं, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही. तो देवगाव रंगारीला आईला भेटायला गेला होता. तिथेच छातीत दुखायला लागलं आणि गाडी शहरात पोचेपर्यंत सगळं संपलं. मंदा, त्याची बायको, कुणाला फोन करण्याच्या अवस्थेत नव्हती. साहेबांच्या ड्रायव्हरचं गावही तेच, म्हणून बातमी आधी साहेबांना पोचली. मी सकाळचा चहा गाळत होते आणि जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर त्यांचा संदेश आला. जोडलेले हात, फुलं, आणि खाली, ‘माझा लाडका शिष्य गेला. त्याला मी घडवलं.’ मी चहा मोरीत ओतून दिला. रडू नंतर आलं, आधी आला तो संताप... आणि हे सोपानला कळलं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं, कारण राग कसा जपावा हे मला त्यानेच शिकवलं.

आमची ओळख चिकलठाण्यातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीतली. साहेब तिचे मालक. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. बीड बायपासला रोज नवी इमारत उभी राहत होती, बिल्डरच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव असायचा, आणि आमच्या सिडकोतल्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. लागोपाठ दुष्काळाची वर्षं ती. माझे वडील कचेरीत कारकून, घरात पुस्तकं, अभ्यासाला स्वतंत्र टेबल. सोपानचे वडील, अण्णा, मेंढरं घेऊन गावोगाव फिरणारे. पोरगा मात्र इथल्याच कॉलेजातून इंजिनिअर झालेला, पहिल्या वर्गात. नम्र वगैरे तो अजिबात नव्हता. आपण हुशार आहोत हे त्याला ठाऊक होतं आणि समोरच्यालाही तो ते विसरू द्यायचा नाही. माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक सापडली की खुर्ची गर्रकन फिरवून म्हणायचा, “ताई, हे तुमी लिवलं का शेजारीन लिहून देऊन गेली?” वयाने मी त्याच्याहून लहान, तरी ताईच म्हणायचा.

काम एका बाटलीबंद पाण्याच्या कारखान्याचं होतं. पट्ट्यावरून बाटल्या पळायच्या. एक प्रोग्रॅम कॅमेऱ्यातून झाकण बघायचा, दुसरा वजन घ्यायचा, आणि तिसरा या दोघांचं ऐकून खराब बाटली यांत्रिक हाताने बाजूला ढकलायचा. गोम अशी की कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःची वेगळी मेमरी असते, दुसऱ्याला तिच्यात डोकावता येत नाही. बोलायचं तर निरोप पाठवायचा. तो इथून उतरवून घ्यायचा, तिथे पुन्हा उतरवायचा, आणि आमच्या निरोपात अख्खा फोटो असायचा. तो पोचेपर्यंत खराब बाटली पुढे निघून गेलेली असायची आणि ढकलली जायची तिच्यामागची चांगली. साहेबांनी आणखी महागडा कॉम्प्युटर मागवायचं ठरवलं. सोपान म्हणाला, “कॉम्प्युटर कशाला? मेंढरं पाणी कसं पितेत, बघितलं का कधी कुनी?” आम्ही कुणीच बघितलं नव्हतं. “एकेकाला बादलीनं पाजत बसलं तर दिवस मावळंल. हौद एकच असतो, सगळी तिथंच येतेत.”

हे तंत्र त्याने शोधलं नव्हतं. पुस्तकात होतं, मीही परीक्षेपुरतं वाचलं होतं. मेमरीचा एक तुकडा वेगळा काढायचा आणि सगळ्या प्रोग्रॅमना तोच खुला ठेवायचा. एकाने फोटो तिथे ठेवला की दुसऱ्याने तिथेच बघायचा, ने-आण बंद. वेग प्रचंड वाढतो. पण एक धोका असतो, एकाचं लिहिणं अर्धवट असताना दुसऱ्याने वाचलं तर अर्धी जुनी आणि अर्धी नवी गोष्ट त्याच्या हाती लागते. त्यावरचा उपाय सोपानने अण्णांच्या रिवाजावरून समजावून सांगितला. हौदावर ज्याचा कळप पीत असेल त्याने आपली काठी कठड्यावर आडवी टाकायची. काठी दिसतेय तोवर दुसऱ्या कळपाने, कितीही तहान असो, लांब थांबायचं. पिऊन झालं की काठी उचलायची. प्रोग्रॅममध्ये या थांबण्याला त्याने नावच दिलं, काठी. काम इतकं चोख झालं की साहेबांनी पेढे वाटले. काही दिवसांनी मी पाहिलं, तर प्रोग्रॅमच्या डोक्यावर सोपानचं नाव होतं तिथे आता साहेबांचं होतं. “ऱ्हाऊ द्या ताई,” सोपान म्हणाला, “नाव त्याह्यचं, काठी माझी.”

काठीही राहिली नाही. कारखान्याच्या मालकांनी पुण्याहून पाहुणे बोलावले होते, आणि साहेबांना त्यांच्यासमोर आणखी वेग दाखवायचा होता. अण्णांचा कळप पाण्याच्या शोधात लांब न्यायचा होता म्हणून सोपान त्या दिवसांत रजेवर होता. साहेब माझ्या शेजारी त्याच्याच खुर्चीत बसले आणि काठीच्या ओळी त्यांनी स्वतःच्या हाताने खोडल्या. मी म्हटलं, “साहेब, ती काढू नका. दोघं एकदम शिरतील.” ते म्हणाले, “पाहुण्यांनी हे गावठी नाव वाचलं तर काय म्हणतील? आणि ही थांबाथांब गेली की बघ कसं पळतं.” पळालं खरंच. संध्याकाळपर्यंत पळालं आणि साहेब माझ्याकडे बघून हसले.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या समोर यांत्रिक हात पिसाटला. अर्ध्या या बाटलीचा, अर्ध्या त्या बाटलीचा फोटो वाचून तो चांगल्या, भरलेल्या बाटल्या ढकलत सुटला. त्या खाली पडून फुटत होत्या आणि पाणी नाल्यातून वाहत फाटकाबाहेर चाललं होतं. बाहेर टँकरच्या रांगेत बाया उभ्या होत्या. त्या घागरी घेऊन नाल्याकडे धावल्या. एक म्हातारी फाटकाच्या गजातून आत बघून म्हणाली, “आमी मरायलो इथं, अन् हे पानी सांडायलेत.” मी तिच्याकडे बघू शकले नाही. पट्टा बंद झाल्यावर साहेब शांतपणे कारखान्याच्या मालकांना म्हणाले, “सोपानचं काम आहे. खेड्यातला मुलगा, घाई केली त्याने.” मी तिथल्या तिथे सांगितलं की सोपान रजेवर आहे आणि ओळी साहेबांनी खोडल्या. साहेबांनी माझ्या खांद्यापलीकडे बघत पाहुण्यांना चहा विचारला.

सोपान परतला त्याच सकाळी त्याला काढलं. मीही पर्स उचलली. गारखेड्यात एका मोटारवाइंडिंगच्या दुकानावर खोली घेऊन आम्ही आमचं काम सुरू केलं, पण साहेबांची जीभ आमच्याआधी प्रत्येक कारखान्यात जाऊन आलेली असायची. “तुम्हीच का ते, बाटल्या फोडणारे?” हे सोपानने कितीदा ऐकलं असेल... त्याचा चेहरा त्या वेळी काळवंडायचा. मी म्हणायचे, सोडून दे. तो म्हणायचा, “माफ कराया आधी त्यानं मागाया पायजे. मागितली का? चारचौघात एकदा म्हनावं, काठी म्या काढली म्हनून. बाकी कायबी नको मला.” तेवढं एक वाक्य त्याला हवं होतं. साहेब ते बोलले नाहीत. उलट कॉलेजांमध्ये व्याख्यानं द्यायला लागले आणि सामाईक मेमरी समजावताना मेंढरांचा हौद सांगायला लागले, वर ‘माझ्या आजोळी मेंढरं होती’ असंही. साहेबांच्या सात पिढ्यांत कुणी मेंढराला हात लावलेला नाही. एकदा सोपान मला घेऊन अशा व्याख्यानाला गेला. मागच्या रांगेतून उठून त्याने विचारलं, “साहेब, अन् काठी कुठं ठिवायची?” साहेबांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, “पुढचा प्रश्न.”

त्यानंतर सोपानने एक काम केलं. आमच्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये, कुणी काठी न टाकता हौदात शिरला, की पडद्यावर लाल अक्षरांत सूचना येते, ‘साहेब आले’. वाळूजपासून शेंद्र्यापर्यंतच्या कारखान्यांत ती आजही येते. कामगारांना वाटतं की मालक यायची वर्दी आहे, काही जण तर गडबडीने टोप्या नीट करतात. सोपान हे सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा. परवा एका मॅनेजरचा फोन आला. ते म्हणाले, “मॅडम, सोपानभाऊ गेले, आता तरी ते वाक्य बदलून टाका, बरं दिसत नाही.” मी म्हटलं, दिसू दे. मग खोलीत एकटीच सोपानच्या खुर्चीत बसून राहिले. ती खुर्ची अजून डावीकडे कलते, कारण तो कायम त्या बाजूला रेलून बसायचा.

मी हा लेख लिहितेय हे साहेबांना कुठूनतरी कळलं. त्यांचा फोन आला. आवाज जड केलेला. म्हणाले, “माझ्याबद्दलही येऊ दे थोडं. आणि नाव पूर्ण लिही, वडिलांच्या नावासकट.” मी म्हटलं, तुमच्याबद्दल भरपूर लिहिते, साहेब. ते खूश झाले.

शब्द पाळलाय मी. नाव तेवढं घातलेलं नाही. हा लेख वाचून ज्यांना कळायचं त्यांना कळेल, बाकीच्यांना हे कोणतेतरी साहेब. मान त्यांना हवाच असेल, तर आजही वेळ गेलेली नाही. त्यांनी चारचौघांत उभं राहावं आणि म्हणावं, त्या लेखातला साहेब मीच, काठी मी काढली.