देगलूरच्या काकूचा पाटा

देगलूरच्या काकूसारखी दगडांना नावं ठेवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. माणसांना नावं ठेवणाऱ्या आमच्या दिंद्रुडात पुष्कळ होत्या, त्यात माझी आत्या पहिली. पण काकूला गावचा दगडच पसंत नव्हता. "तुमच्याकडं समदा दगड काळाच कावून हाय?" असं तिनं नवी नवरी असतानाच माझ्या आईला विचारलं होतं म्हणे. तिच्या माहेरच्या शिवारात हत्तीएवढे गोल धोंडे, अन् तेही गुलाबी.

त्याच गुलाबी ग्रॅनाइटचा पाटा-वरवंटा तिनं रुखवतात आणला. पण आईच्या स्वयंपाकघरात काळा पाटा आधीच होता. आत्यानं परस्पर ठरवून टाकलं की हा मोरीत ठेवा, धुणं धुवायला बरा. काकू पाट्यापाशी बसून राहिली, जेवायला उठेना. आई-बापाच्या घरचं तेवढंच जड काहीतरी तिच्यासोबत आलं होतं. शेवटी आईनं पिठाचे डबे सरकवून जागा केली, तेव्हा कुठं बाई उठली.

मग दोन पाटे शेजारी नांदू लागले, म्हणजे दोघी जावा त्यावरून रोज भांडू लागल्या. आईचा पाटा बारीक पोताचा, त्यावर शेंगदाण्याची चटणी लोण्यासारखी यायची. काकूचा खरबरीत; ठेचा झटक्यात व्हायचा, पण टाकी लावायला, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडायला, येणारी बाई त्याला बघूनच कपाळाला हात लावायची. नवी टाकी लावली की पुढं काही दिवस ठेच्यात कचकच. काका आणि वडील मुकाट्यानं गिळायचे. काकूला तोंडावर सांगायची छाती कुणाची?

बीडला कॉलेजात भूगोल घेतल्यावर मी मोठ्या तोऱ्यात दोघींचं भांडण मिटवायला गेले. म्हटलं, दोन्ही दगड तापलेल्या रसाचेच. काकूचा जमिनीच्या पोटात सावकाश निवला, म्हणून त्याचे दाणे मोठे, नुसत्या डोळ्यांना दिसणारे. आईचा भेगांतून वर येऊन पसरला, भराभर निवला, म्हणून दाणे बारीक. काकूची कळी खुलली. "बगा अक्का, आमचा निवांत झालाय. तुमचा घाईत उरकलाय." आई भाकरी थापता थापता म्हणाली, घाईत का होईना, दातात तर येत न्हाई. काकूच सगळ्यात जास्त हसली. त्यानंतर घरात कुणी कामात रेंगाळलं की त्याला ग्रॅनाइट म्हणायची पद्धतच पडली.

गेल्या वर्षी चुलतभावाला बीडला नोकरी लागली आणि काका-काकू तिकडं राहायला निघाले. टेम्पो दारात उभा राहिला. आत्या म्हणाली, घेऊन जा बाई आता तुझी ती धोंड. मलाही वाटलं, पहिला चढेल तो पाटाच. आत जाऊन पाहते तर काकू आईकडं तिचा काळा पाटा मागत होती.

"आन् तुझा?" आईनं विचारलं.

"ऱ्हाऊ द्या हितंच. देगलूरला आता कोन हाय माजं? आई-बाप गेले, घर बी इकलं. मला म्हायेर हेच हाय, अक्का. आन् मी म्हायेराहून निगताना पाटा घिऊनच निगते."

मला तर हुंदकाच फुटला.  आईनं मात्र काळा पाटा धुतला, पदरानं कोरडा केला, आणि दोघी जावांनी दोन्हीकडून धरून तो टेम्पोत चढवला.