फाइल उघडेपर्यंत

कोपरीतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी बिल्डिंगचे नकाशे काढायचे. त्या वर्षी दसऱ्याला तिथे नवे कॉम्प्युटर आले. पूजा झाली, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या फाइली अडून बसायला लागल्या. फाइलवर क्लिक करून चहा प्यावा, कप विसळून यावं, तरी पडद्यावरचं चक्र आपलं फिरतच असायचं.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "मॅडम, मशिन नवीन, वायरिंग नवीन. मग जुनं राहिलं कोण?"

ते हसत म्हणाले. हसत म्हटलेलं मला जास्त लागतं. नव्या ड्राफ्ट्समनच्या फाइली पटकन उघडायच्या, हे खरं. पण त्याच्याकडे सगळी नवी कामं होती आणि माझ्याकडे वर्षानुवर्षं रखडलेल्या जुन्या बिल्डिंगी. दिवाळीनंतर दोघांतला एकच ठेवायचा, असं साहेब फोनवर कुणाला तरी सांगत होते, ते मी ऐकलेलं. नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला, डोंबिवलीचं घर माझ्या पगारावर चाललेलं. पन्नाशी उलटलेल्या बाईला दुसरीकडे कोण घेणार? फाइल लवकर उघडली तर माझी नोकरी राहणार होती, एवढं सरळ होतं ते.

मग मी हात धुऊन मागे लागले. आधी वाटलं, फाइल जड झालीय. नकाशात कुणी कुणी आणून टाकलेली झाडांची, गाड्यांची, कमोडची तयार चित्रं, न वापरलेले लेयर म्हणजे थर, सगळं उपसून काढलं. फाइल निम्मी झाली, वेळ तेवढाच. नेटवर्कचा दोष असेल म्हणून ती माझ्याच मशिनवर उतरवून बघितली. तेच. रिपेअरवाला आला, रॅम वाढवा म्हणाला आणि गेला. या लोकांना दुसरं काही येतच नाही.

शेवटी एकदा चहाला न उठता पडद्याकडेच बघत बसले. खालच्या बारीक ओळीत एक पत्ता येऊन थांबला होता. तो पत्ता ऑफिसातल्या पहिल्या कॉम्प्युटरचा होता.

त्या कॉम्प्युटरवर आमची शुभ शीट होती. शीट म्हणजे नकाशाभोवतीची चौकट, कोपऱ्यात ऑफिसचं नाव. तिच्यावर काढलेला पहिला नकाशा महापालिकेत एका फेरीत पास झाला, म्हणून पुढचा प्रत्येक नकाशा त्याच शीटला जोडायचा, तिची कॉपी करायची नाही, असा साहेबांचा दंडक. दसऱ्याला तो कॉम्प्युटर हळदकुंकू लावून माळ्यावर ठेवला. लक्ष्मी भंगारात कशी द्यायची? माझ्या नकाशांतली चौकट गायब झाली, तेव्हा मी गुपचूप दुसरी चौकट आखून काम भागवलं. शुभ शीटची जुनी लिंक आतच राहिली. प्रत्येक फाइल उघडताना माळ्यावरच्या बंद कॉम्प्युटरला हाका मारत होती, आणि उशिराचं खापर माझ्या वयावर.

लिंक काढली. फाइल क्लिक करताच उघडली. दुसरी उघडली, तिसरी उघडली. मला इतका आनंद झाला की साहेबांना हाताला धरून आणायचंच बाकी ठेवलं.

साहेबांनी स्वतः दोन-तीन फाइली उघडून बघितल्या. "वा, मॅडम. सगळ्या जुन्या फाइलींचं असंच करून टाका."

दोन दिवसांत मी सगळ्या साफ केल्या. मग त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"तुमच्या फाइली दुसरा कोणी हाताळू शकेल असं वाटत नव्हतं, म्हणून मी अडून होतो," ते म्हणाले. "आता तो नवा ड्राफ्ट्समन करेल सगळं. तुम्हाला कशाला रोजची दगदग?"

मी पाणी प्यायले. संध्याकाळी घरी नवऱ्याने विचारलं, "काय गं, झालं का त्या फाइलींचं?"

"उघडतात आता," म्हटलं, आणि गॅसपाशी त्याच्याकडे पाठ करून रडत राहिले.