रिकामं बसायला कावळा लागतो

वाचकहो, तुमच्या घरातली बाई काहीही न करता, नुसती, भिंतीला पाठ टेकून शेवटची कधी बसली होती, सांगता येईल? आजारी पडली तो दिवस धरू नका. वाळवणाची राखण करीत बसली तोही धरू नका. ते काम आहे. नुसती बसलेली सांगा.

मला सांगता येतं. कारण आमच्या घरात या एका गोष्टीवरून असं रण माजलं होतं की शेजारची खाला अजून हसते.

आमचं गाव उमापूर. थोडं मावळतीला चालत गेलं की निजाम सरकारचा मुलूख संपतो आणि इंग्रजांचा सुरू होतो. माझा मामा तिकडचा. तो आमच्याकडे यायचा तेव्हा करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर त्याच्या गाडीची झडती व्हायची. छापलेला कागद दिसला की त्यात राजद्रोहच असणार, अशी तिथल्या शिपायांची खात्री. म्हणून मामा माझ्यासाठी आणलेल्या चोपड्या गोणपाटात गुंडाळून गुळाच्या ढेपेखाली ठेवायचा. त्यामुळे माझं सगळं शिक्षण जरा चिकट झालं. स्त्रीशिक्षणावरची चोपडी उघडायची तर आधी पानं सुरीनं सोडवावी लागत, आणि बालविवाहावरच्या चोपडीतला शेवटचा मुद्दा मुंग्यांनी खाल्ल्यामुळे तो मला आजतागायत ठाऊक नाही. त्या विषयात माझा अधिकार मात्र मोठा होता. माझं लग्न झालेलं होतं. सासरी पाठवणी तेवढी राहिली होती.

या चोपड्यांनी माझ्या डोक्यात जो जाळ पेटवला, त्याची पहिली आच घरच्या पडवीला लागली. पडवी मागच्या अंगाला, गोठ्याला लागून. घरात कुणा बाईला कावळा शिवला, म्हणजे महिन्याचे ते दिवस आले, की तिनं तिथं जाऊन बसायचं. एक घोंगडी, एक तांब्या, एक वेगळी थाळी. कशाला हात लावायचा नाही. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन घरात यायचं. मी ठरवलं, बाईला विटाळ म्हणणारी ही रूढी मी मोडणार. माझे दिवस आले की मी मुद्दाम चुलीपाशी जाऊन उभी राही आणि म्हणे, "मी नाही बसणार!"

माय लाटणं उगारून मला पडवीकडे हाकी, मी परत येई. अशी झटापट दर महिन्याला ठरलेली.

वहिनीही तेव्हा बसलेली असली की हे सगळं पडवीतून बघायची. ती माझ्या थोरल्या भावाची, दादाची, बायको, माझ्याहून थोडीच मोठी. एकदा ती मला हळूच म्हणाली, "वन्सं, येड्या हाईत का तुमी? बसायला मिळतंय तर भांडी घासायसाठी भांडताव?"

मी तिला चोपडीतला उतारा म्हणून दाखवला. तो पुरा व्हायच्या आत ती झोपली.

वहिनीच्या झोपेचं कारण सांगायला हवं. आमचं घर जमिनीचं, गड्यामाणसांचं. घरची सून शेतात जात नाही, हा आमचा मोठेपणा. म्हणून तिनं पहाटे उठून दळायचं, गड्यांच्या भाकरी थापायच्या, ताक घुसळायचं, सारवायचं, धुणं करायचं आणि दिवे लागले की पुन्हा भाकरीला बसायचं. शिवाय घरातला प्रत्येक जण तिला हाक मारी. माझ्या वडिलांना, आबांना, पाणी हवं, दादाला धोतर हवं, मायला पळी हवी, मला चोपडीवर पडलेलं तेल पुसायला राख हवी. त्या पावसाळ्यात वहिनी जात्यावर दळता दळता रडायला लागली. कुणी काही बोललं नव्हतं. विचारलं तर म्हणायची, "काय न्हाई, डोळ्यात पीठ गेलं." एकदा उकळतं दूध समोर असून ती तशीच बघत राहिली आणि सगळं उतू गेलं.

मग ती बरी झाली. एकाएकी हसायला लागली, वेणी नीट घालायला लागली, खालाशी भिंतीवरून गप्पा मारायला लागली. घरात कुणाला कारण कळेना. मायला कळलं.

"पोरी, इकडं ये," माय मला एका दुपारी म्हणाली. सीताफळांचे दिवस होते. "तुझी वयनी आवसेला बसलती का न्हाई?"

"बसली होती."

"आन् आज पुनव. आज परत बसली. मागल्या महिन्यात बी तसंच. हा कावळा हाय का पाळलेला पोपट, बोलीवला की येतो?"

मी चोपडीत डोकं घातलं.

"माझं ऐक. तुमी दोघी दिवसभर कुजबुजताव. तू इचार तिला. खरंच दुखनं असंल तर त्या मांजरसुंब्याच्या वैदूचा काढा पाजते. आन् खोटं असंल," मायनं पदर खोचला, "तर तिच्या बापाला सांगावा धाडते. घेऊन जा म्हनावं तुझी पोरगी. मी एकली राबते न्हवं हिच्या वाटचं बी."

तो काढा मी एकदा प्याले होते. त्यानं दुखणं जात नाही, आपल्याला दुखणं आहे हे सांगायची हिंमत जाते. आणि सुनेला माहेरी धाडलं की गावात काय काय बोलतात, ते लिहायला गुळानं माखलेला कागदसुद्धा लाजेल. मी धावत पडवीत गेले.

वहिनी घोंगडीवर पाय पसरून, वेणी सोडून, गोठ्याच्या छपराकडे बघत बसली होती. इतकी सुखी बाई मी आमच्या घरात पाहिली नव्हती.

"वहिनी, खरं सांग. तुला कावळा शिवलाय का?"

"कोनता?"

"आजचा."

ती हसली. मग मायचं बोलणं मी सांगितलं आणि हसू उतरलं. ती घोंगडीचे दोरे ओढत राहिली. "न्हाई शिवला," ती म्हणाली. "आवसेचा खरा. पुनवचा माझा मी आनला."

"अगं पण खोटं का बोलायचं? मी तर म्हणते ही रूढीच..."

"वन्सं!" ती इतक्या जोरात बोलली की पलीकडच्या म्हशीनं मान वळवली. "तुमच्या चोपडीत ह्ये लिव्हलंय का, की इटाळ गेला की बाईनं बसायचं कुटं? तुमी पडवी मोडताव. मोडा. मग मला जागा दावा. हितं मला कुनी हाक मारीत न्हाई. शिवायचं न्हाई म्हनून मारीत न्हाईत, पर मारीत न्हाईत. दोन दिस कुनी हाक मारली न्हाई की माझं डोस्कं जाग्यावर येतं. न्हाईतर मला वाटतं, मी कुटंतरी सांडले."

घरात जाऊन मी सगळ्या चोपड्या चाळल्या. बाईला लिहायला शिकवा, असं होतं. बाईला वाचायला शिकवा, बाईला स्वच्छतेनं स्वयंपाक करायला शिकवा, मुलं वाढवायला शिकवा. बाईला बसू द्या, असं एकाही चोपडीत नव्हतं. लिहिणारे सगळे पुरुष होते. त्यांच्या जेवणाच्या वेळी कुणीतरी उभं होतं, त्याशिवाय का एवढं लिहून होतं!

मला खोटं बोलता येत नाही. हा गुण नाही, चोपड्यांचा दोष आहे. मी मायकडे गेले आणि सांगून टाकलं: पुनवेचा कावळा खोटा, बाईचं दमणं खरं. तिला माहेरी पाठवशील तर मी पडवीच्या दारात आडवी पडेन. मग मी भाषण सुरू केलं. बाई म्हणजे बैल नव्हे, बैलालासुद्धा पोळ्याला...

"गप," माय म्हणाली.

ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. परातीत हात तसाच. मला वाटलं आता लाटणं येणार.

"माझा कावळा उडून गेला, त्याला लई वर्सं झाली," ती म्हणाली. "तवापासून मला कुनी बसीवलं? ही बसती, तिच्या वाटचं मी करते. तू बसत न्हाईस, पर करीत बी न्हाईस, नुस्ती भांडतीस. मला न्हाई का डोस्कं?"



दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं परात पालथी घातली, पदर सावरला, ओसरीवर बसलेल्या आबांच्या आणि दादाच्या समोरून सरळ पडवीत गेली आणि तिथून ओरडली, "मला शिवला!"

आबांच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. मायच्या वयात? पण विचारणार कोण? बायकांच्या त्या गोष्टीचा पुरुषानं उच्चारही करायचा नाही, असा दंडक आबांच्या आबांनी घालून दिलेला. ज्या रूढीनं आम्हाला गोठ्याशेजारी बसवलं, तिनंच त्यांच्या तोंडाला कुलूप घातलं होतं! मी त्या क्षणी, आयुष्यात पहिल्यांदा, माझी घोंगडी उचलली.

"मलाही," मी म्हणाले आणि मायच्या मागं गेले.

पडवीत माय आणि वहिनी समोरासमोर बसल्या होत्या. वहिनीचा चेहरा पांढराफटक.

"खोटं बोललीस," माय म्हणाली.

"व्हय, आत्याबाई."

"मग मला आधी कावून न्हाई सांगितलंस गं? दोघी मिळून बोललो असतो!"

वहिनी आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम केलं. मायनं तिच्या डोक्याला तेल लावायला घेतलं. बापाला सांगावा धाडायची गोष्ट त्या तेलात जिरली, ती पुन्हा निघाली नाही.

भिंतीवरून खालाचं डोकं वर आलं. तिचा नवरा फळं विकायचा. तिनं आम्हा तिघींना बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"या अल्ला! तिन्नो के तिन्नो? बहन, तुमारे घर में कव्वों की बरात उतरी क्या?"

"बरातच हाय," माय म्हणाली. "जेवायला काय हाय का?"

शिजवलेलं आम्हाला तिच्या हातचं चालत नसे. तीही एक रूढी माझ्या यादीत होतीच. तिनं टोपलीभर सीताफळं भिंतीवरून सोडली. ती आम्ही पाय पसरून खाल्ली आणि बिया कोण लांब थुंकतं याची शर्यत लावली. शर्यत मायनं जिंकली. आमच्या मुलखात सभेला सरकारची परवानगी लागायची. आमच्या त्या बैठकीला पडवीनंच दिली.

घरातून धूर येत होता. दादानं चूल पेटवली होती, असा आमचा समज. पुढं कळलं की आधी त्यानं केरसुणी पेटवली. भाकरी तव्यावर टाकल्या की नकाशे व्हायच्या. एक भाकरी आम्हाला लांबून सरकवली, ती मायनं उलटसुलट बघितली.

"ही युसूफ वडगाव हाय का?" तिनं विचारलं. "गाव लई आडवं पसरलंय."

चौथा दिवस आला. आबांना वाटलं आता न्हाणं होईल, भाकरी गोल होतील. दुपार झाली तरी कुणी उठेना. मग आबा गोठ्यात आले. आमच्याशी तर बोलता येत नाही, म्हणून ते म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "म्हशे, आज चौथा दिस हाय न्हवं?"

माय म्हशीकडे बघून म्हणाली, "म्हशे, सांग त्यांला. दिस सरले, दमणूक न्हाई सरली."

"म्हशे, मग काय करावं म्हनतीस?"

"म्हशे, हप्त्यातून एक दिस सून बसंल. एक दिस मी बसंन. कावळा शिवू न्हाईतर न शिवू. त्या दिवशी कुनी हाक मारायची न्हाई, आन् चुलीला बाप्यानं बसायचं."

आबा म्हशीचे कान खाजवत राहिले. गडीमाणसं काय म्हणतील, पाहुणा आला तर काय, हे सगळं त्यांनी म्हशीला विचारलं. म्हैस रवंथ करीत राहिली. शेवटी ते म्हणाले, "पिठलं करीन. भाकरी पोरगा करंल. पर त्याला शिकवावं लागंल."

"शिकवीन," वहिनी एकदम म्हणाली, आणि जीभ चावली, कारण ती सासऱ्याशी, म्हशीला मध्ये न घेता, पहिल्यांदाच बोलली होती.

सगळं जिंकलं असं मी म्हणणार नाही. पडवी अजून आहे, विटाळ अजून आहे आणि मी अजून त्याविरुद्ध भांडते. बसायचंच तर ओसरीवर मानानं बसा, असं मी मायला सांगितलं, तर म्हणते, "वसरीवर हाका येत्यात. पडवीच बरी." दादाच्या भाकरीला अजून कोपरे असतात. पण वहिनी मंगळवारी बसते, जात्यावर रडत नाही, आणि काहीच काम नसताना छपराकडे बघून गुणगुणते. ते गाणं कुठलं, हे आम्ही कुणी तिला विचारलेलं नाही. विचारणं म्हणजेसुद्धा हाक मारणं.

तेव्हा वाचकहो, हे वाचून झालं की पान मिटा आणि आत जा. आई असो, बायको असो, बहीण असो, तिला बस म्हणा. ती कारण विचारेल, देऊ नका. तिनं उठायच्या आत तुम्ही चुलीपाशी पोचा. आणि पीठ कुठं ठेवलंय, हे तिला विचारू नका. शोधा.