खिशातला नकार

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांपायी जिला चारचौघांत मान खाली घालावी लागली, अशी वऱ्हाडात बहुधा मी एकटीच असेन. याचं सगळं श्रेय माझ्या अकोल्याच्या मामांचं. मामा जठारपेठेत राहतात. शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि अमेरिका त्यांनी नकाशाखेरीज कुठे पाहिलेली नाही. पण तिथल्या राष्ट्राध्यक्षांविषयी ते असं बोलायचे, की ही मंडळी मागच्या गल्लीत भाड्यानं राहून गेली असावीत. नावं कधी घेत नसत. गुलामगिरी मोडली ते ‘दाढीवाले’. आपल्याच कचेरीतलं बोलणं टेप करून ठेवलं आणि लपवाछपवी अंगाशी आल्यावर राजीनामा देऊन गेला तो ‘टेपवाला’, त्याला अहो-जाहो नाही. आणि काळ्या पोरांना गोऱ्यांच्या शाळेत पाय ठेवू देईनात, तेव्हा ज्यांनी सरळ फौज धाडली ते ‘फौजवाले’. हे मामांचे सर्वांत लाडके.

माझ्या लग्नाची बोलणी अमरावतीला आमच्या घरी चालली होती. होणारे सासरे मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “आमच्या घरात शेवटचा शब्द माझा.” झालं. मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. “शेवटचा शब्द घटनेचा असते, पाव्हणे. टेपवाल्यालेही असंच वाटे. कोर्टानं टेपा द्याले लावल्या अन् गेला घरी.” पाहुण्यांना वाटलं, हे माझं आधी मोडलेलं एखादं स्थळ असावं. ते आईला बाजूला घेऊन टेपवाल्याची चौकशी करू लागले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. लग्न जमलं ते सासूबाईंना पोहे आवडले म्हणून. सासरे मात्र पुढे कित्येक वर्षं मामांसमोर ‘शेवटचा शब्द’ हे शब्द उच्चारत नसत.

निवृत्तीनंतर मामा त्यांच्या अपार्टमेंटच्या सोसायटीचे अध्यक्ष झाले. इथेच घात झाला. ‘अध्यक्ष’ हा शब्द अमेरिकेतही तोच आणि जठारपेठेतही तोच. पहिल्या राष्ट्राध्यक्षांनी दोन मुदतींनंतर आपणहून खुर्ची सोडली, ही गोष्ट ते डोळ्यांत पाणी आणून सांगत आणि स्वतः खुर्चीला चिकटून राहत. मामी विचारायची, “तुमच्या कावून संपत नाईत दोन मुदती?” मामा म्हणायचे, “चारदा निवडून आलेलेही होते एक. त्यायले महायुद्ध होतं. मले पान्याची टाकी आहे.”

पण त्यांचं खरं हत्यार होतं खिशातला नकार. अमेरिकेत म्हणे संसदेनं धाडलेल्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष सही करत नाही, तो परतही पाठवत नाही, नुसता खिशात ठेवून बसतो. तेवढ्यात अधिवेशन संपलं की कायदा मेला. कोणाशी भांडण नाही, कोणाला नाही म्हणणं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी कबुतरांची तक्रार आणली, की मामा चिठ्ठीची घडी घालून बुशशर्टाच्या खिशात टाकत आणि म्हणत, “पाहू.” चार दिवसांनी शर्ट धुण्यात जाई आणि कबुतरं राहत. आम्ही पोट धरून हसायचो. मी तर हा किस्सा माहेरी-सासरी रंगवून सांगत असे.

मागच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर वैशालीताई राहायला आल्या. पाटबंधारे खात्यात अभियंता, आणि मामांच्याच विद्यार्थिनी. चौदा एप्रिलची जयंती गच्चीवर करायची होती. वंदना, दोन-चार भाषणं, जेवण. त्या गच्चीवर गणपती बसतो, कोजागिरी होते, त्यासाठी कोणी कधी विचारत नाही. वैशालीताईंनी रीतसर चिठ्ठी दिली. त्याच संध्याकाळी चार सभासद मामांकडे आले. “आमचा इरोध नाई सर, पन आवाज होते.” “पाव्हणे लय येतीन.” गणपतीत भिंती हादरेपर्यंत ढोल बडवतात ते हेच चौघे. मामांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, चिठ्ठीची घडी घातली, खिशात टाकली आणि म्हणाले, “पाहू.” मामीनं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा ती हसली नाही. मीही हसले नाही.

चौदा एप्रिलला मी अकोल्यातच होते. गच्चीला कुलूप. वैशालीताईंनी कार्यक्रम आपल्या दोन खोल्यांतच केला. दार उघडं होतं, चपला जिन्यावर खालपर्यंत आल्या होत्या. दुपारी पांढरी साडी नेसलेल्या वैशालीताई खिरीची वाटी घेऊन मामांकडे आल्या. मामा गडबडून उठले. “वैशाली, ते गच्चीचं... ध्यानातूनच गेलं माह्या.”

“नाई गेलं सर,” त्या शांतपणे म्हणाल्या. “खिशातला नकार. तुमीच शिकोलं होतं. परीक्षेत आला होता तो प्रश्न, मले पूर्ण मार्क भेटले होते.” वाटी टेबलावर ठेवून त्या दाराशी थांबल्या. “मले फौजवाल्यायचा धडा जास्त आवडे.”

त्या गेल्यावर मामांनी खिरीची वाटी जवळ ओढली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “फौज तं दूरच राहिली, पोरी. मले नुसती किल्ली द्याची होती.” मला त्यांची लाज वाटली, आणि ज्या युक्तीवर मी इतकी वर्षं हसले तिचीही. बोलण्यांच्या दिवशी वाटली ती लाज याच्यापुढे पोरखेळ होती. संध्याकाळी मामा किल्ली घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले आणि ती तशीच हातात घेऊन परत आले. वैशालीताई म्हणाल्या होत्या, “आता काय करू सर, जयंती झाली.”

दुसऱ्या दिवशी मामांनी अध्यक्षपद सोडलं आणि सगळे बुशशर्ट टेलरकडे नेऊन खिसे उसवून आणले. मामी म्हणते, टेलरनं तीनदा विचारलं. आता चष्मा हातात घेऊन हिंडतात आणि दूधवाल्याकडे विसरून येतात. शर्ट जुने, विटलेले, पण खिशाच्या जागी मूळ रंगाचा चौकोन तसाच आहे.

परवा अमरावतीला नणंदेच्या मुलीची बोलणी होती. मामाही आले होते. सासऱ्यांना आता मामांच्या गोष्टींची सवय झालीय, किंबहुना चटक लागलीय. मुद्दाम मामांकडे बघत, मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले, “आमच्या घरात शेवटचा शब्द माझा.” आम्ही सगळे थांबलो. मामांचा हात छातीवरच्या त्या चौकोनापाशी गेला आणि खाली आला.

“बराबर आहे,” मामा म्हणाले आणि पोहे खाऊ लागले.

काढा ना मामा, एकदा तो टेपवाला काढा, असं मी मनात म्हणत होते. त्या पाहुण्यांसमोर मी खुशाल मान खाली घातली असती.