अडीच घंट्यांचा रस्ता

पन्नासच्या दशकात माझा थोरला भाऊ आणि मधली बहीण दोघंही आफ्रिकेत होते. माझे मेव्हणे बल्लारशाच्या आरागिरणीत मिस्त्री. मालकाच्या गिरण्या तिकडेही होत्या. मेव्हणे बहिणीला घेऊन नैरोबीला गेले, वर्षभरात त्यांनी भावालाही ओढलं. पण मालकानं त्याला ठेवलं दारेसलामला. चिमूरजवळच्या आमच्या खेड्यात ही दोन्ही नावं मायच्या तोंडी अशी बसली, की ऐकणाऱ्याला वाटावं, ही नदीपल्याडचीच गावं.

पत्रं वाचायचं-लिहायचं काम माझं. घरात सातवी शिकलेली मी एकटीच, त्यामुळे तोराही भारी होता.

त्या पावसाळ्यात बहिणीचं पहिलं बाळ जन्मताच गेलं. माय रडरड रडली आणि मग तिनं एकच धोशा लावला: भाऊबीजेला भावानं बहिणीच्या पाटावर बसलंच पाहिजे. आमच्यात भाऊबीज चुकवत नसत. माझे मामा दरवर्षी दोन दिवस जंगल तुडवत, शिंगाड्यांची थैली खांद्यावर टाकून यायचे. एका वर्षी तर अंगात ताप घेऊन आले, ओवाळून घेतलं आणि पाटाशेजारीच आडवे झाले. अशी माणसं आता कुठून आणायची!

भावानं पत्रात कळवलं होतं, नैरोबी इथून चारशे मैलांच्या वर आहे, विमानानं अडीच तास लागतात. मैल मायच्या गावीही नव्हते. आमच्याकडे रस्ता चिलमींवर मोजायचे. चार चिलमी ओढून होईस्तोवर येणारं गाव जवळचं. तिनं अडीच तास तेवढे धरले.

"अडीच घंटे? एवढ्यात तं मी धानाच्या बांधीतून घरी नाई येत! काऊन जाऊन नाई राह्यला थो? लिव त्याले."

मी लिहिलं. वर माझ्या पदरचे दोन टोमणेही घातले.

दिवाळीनंतर महिन्यानं त्याचं पत्र आलं. गिरणीतल्या कामगाराला कसलं विमान? तो लाकडाच्या ट्रकवर बसून निघाला होता. वाटेत पाऊस, चिखल, ट्रक दोनदा रुतला. पाच दिवस लागले, भाऊबीज उलटून गेली. पण बहिणीनं पाट उचलला नव्हता. त्याला दारात पाहून, बाळ गेल्यापासून पहिल्यांदाच, ती मोकळी रडली.

माय समोर धान पाखडत होती.

"पोचला ना? उडत गेला?"

"हो वं माय," मी कागदात डोकं घालून म्हणाले. "अडीच घंट्यांत."

तिच्या हट्टापायी पोरगा पाच दिवस चिखलात होता, हे तिला कळू नये असं वाटलं. शिवाय टोमणे माझे होते, त्याची लाज होतीच. मायनं मात्र गावभर केलं, माहा पोरगा उडत बहिणीकडे गेला.

चार वर्षांनी भाऊ सुटीवर घरी आला. मी त्याला बाजूला घेऊन सांगणार, तेवढ्यात मायनं पाण्याचा गडवा त्याच्या हाती देत विचारलं, "वरून जमीन कशी दिसते रे?"

भावानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "आपल्या बांध्या दिसतात ना माय, तशीच. लहान लहान."

"भेव नाई लागलं?"

"लागलं ना. तिच्या दाराशी जाऊन उभा राह्यतवरी लागलं."