एल्मार्सच्या आईचे वाटाणे

एल्मार्स गेल्यावर बागवाल्यांच्या मंडळाने त्याच्यावर चार ओळी लिहायचं काम माझ्याकडे दिलं, कारण त्याची नि माझी जमीन शेजारी शेजारी. तेवीस वर्षं आम्ही कुंपणावरून बोललो. पण त्याचं लग्न झालं होतं की नाही, हेही मला माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही. मला माहीत आहेत फक्त त्याचे वाटाणे आणि त्यांनी त्याला दिलेला ताप.

आमच्या वाल्मिएरा शहराच्या बाजारात करडे वाटाणे लागतील तेवढे मिळतात. पण एल्मार्सला ते नको असत. मरताना आईने त्याला मोज्यात बांधून आपलं बियाणं दिलं होतं. वर्षअखेरीला तिच्याच वाणाचे वाटाणे, वर चरबीत परतलेला कांदा, असा एक वाडगा ताटात यावा, एवढंच त्याचं मागणं होतं.

पहिल्या वर्षी उंदरांनी बी उकरलं. पुढच्या वर्षी कबुतरांनी कोंब उपटले. मग त्याने जाळी लावली, वेलांना बर्चच्या फांद्यांचा आधार दिला, तर वेल फुलावर आले आणि खालून पिवळे पडत गेले.

"अरे, जागा बदल," मी म्हणालो. "दरवर्षी त्याच मातीत वाटाणा लावलास तर मुळं कुजणारच."

"सकाळचं ऊन याच पट्ट्यात पडतं."

"माझ्याकडेही पडतं."

"तुझे बटाटे! त्यांना ऊन कशाला? ते तळघरातसुद्धा वाढतील."

त्याने जागा बदलली नाही. पेरलेल्यापेक्षा मूठभर जास्त मिळालं की ते वर्ष चांगलं. अशाच एका वर्षी त्याने मला कागदाच्या पुडीत ओंजळभर वाटाणे दिले.

मागच्या डिसेंबरात त्याची धाकटी बहीण स्कायद्रिते त्याच्याकडे राहायला आली. आमच्यात वर्षअखेरच्या सणाचे वाटाणे शेवटच्या दाण्यापर्यंत संपवतात. जितके दाणे उरतील, तितके अश्रू पुढच्या वर्षी गाळावे लागतात. तिने बाजारातून आणलेले वाटाणे भिजत घातले आणि कपाटात एक बरणी दिसली, तीही त्यातच रिकामी केली.

"किती खातोस, दादा? आज आवडलेले दिसतात," ती म्हणाली म्हणे.

दोन वाडगे संपवल्यावर त्याला आपल्या बियाण्याची रिकामी बरणी दिसली.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात उभा होता. "गुंटिस, मी तुला दिलेली पुडी कुठे आहे?"

"खाल्ले रे," मी म्हणालो. "एकही दाणा ठेवला नाही."

"बियाणं होतं ते!"

"तू तसं म्हणाला नाहीस."

"कागदाच्या पुडीत दिलं होतं! खायचे वाटाणे कुणी पुडीत देतं का?"

तेव्हा मी निदान माफी तरी मागायला हवी होती.

शरदात त्याने वाळलेले वेल खोपटात टाकले होते. जानेवारीच्या थंडीत त्याने ते एकेक करून झाडले. तोडणीत सुटलेल्या शेंगांतून सात दाणे निघाले. एप्रिलच्या शेवटी ते सात दाणे घेऊन तो कुंपणाशी आला.

"तुझ्याकडे बटाटे कुठे होते?"

मी जागा दाखवली. तिथे कधीच वाटाणा पडला नव्हता. दाणे त्याने स्वतःच पेरले, वर जाळी ताणली, तिच्या कडांवर विटा ठेवल्या. मला हातही लावू दिला नाही.

पाच उगवले. बोटभर उंच झाले तेव्हा तो शेवटचा येऊन गेला. गुडघे दुखत होते तरी वाकला आणि एक वीट पुन्हा नीट बसवली.

"जाळी इतक्यात काढू नकोस," तो म्हणाला. "कबुतरं तारेवर बसलीत."

"नाही काढत."

"आणि यांच्या शेंगा खायच्या नाहीत."

"नाही रे बाबा."

"गेल्या वेळीही तू असाच 'बरं' म्हणाला होतास."

"गेल्या वेळी मी काहीच म्हणालो नव्हतो."

"तेच ते," तो म्हणाला. "सोमवारी येतो. सुतळी आणून ठेव."